बोट हिवाळ्यासाठी बंद करताना: गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टचे दुखणे कसे ओळखावे

जिथे थंडीत पाणी गोठते तिथे मोसम संपला की बोट बंद करण्याची तयारी सुरू होते. या तयारीत इंजिनाची सगळी बडदास्त ठेवली जाते. त्याचे ऑइल बदलते, फिल्टर बदलतो, कूलिंगचे पाणी काढले जाते. इंजिनाच्या मागे बसलेला गिअरबॉक्स आणि त्यातून निघून तळाबाहेर जाणारा शाफ्ट यांच्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. मोसमभर चालले म्हणजे ठीकच असणार, असे गृहीत धरले जाते. नव्या बोटमालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हे गृहीत धरू नका. गिअरबॉक्स आणि शाफ्ट सहसा एका दिवसात बिघडत नाहीत. आधी बरेच दिवस ते खुणा देत असतात, आणि त्या खुणा वाचायला बोट बंद करण्याची वेळ सगळ्यात सोयीची, कारण दुरुस्तीला अख्खा हिवाळा हाताशी असतो. तोच दोष वसंतात लक्षात आला, तर सुटा भाग येईपर्यंत आणि मेकॅनिकची पाळी लागेपर्यंत निम्मा मोसम धक्क्यावरच जातो.

यात कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. काही दोष बोट पाण्यात असताना, इंजिन गरम असताना, शाफ्टवर जोर असतानाच दिसतात. काही दोष बोट जमिनीवर आल्याशिवाय हाताला लागत नाहीत. म्हणून तपासणीचे दोन भाग करा, पहिला पाण्यात आणि दुसरा जमिनीवर. पहिला चुकला तर पुढचे सहा महिने तो करता येत नाही.

आधी सगळी रचना समजून घ्या

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर डँपर प्लेट बसते. ही स्प्रिंग लावलेली तबकडी इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाही. गिअरबॉक्स पुढे, न्यूट्रल आणि मागे अशा तीन स्थिती देतो आणि फेरे कमी करतो. प्रमाण २:१ असेल, तर इंजिनाच्या दोन फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टची भोके असलेल्या चपट्या कडीला, शाफ्टचे कपलिंग बोल्टने जोडलेले असते. तिथून शाफ्ट एका नळीतून तळाबाहेर जातो. या नळीच्या आतल्या तोंडाशी ग्लँड असतो आणि तो पाणी आत येऊ देत नाही. बाहेर ब्रॅकेटमध्ये शाफ्टला आधार देणारे रबरी अस्तराचे बेअरिंग असते, त्याला कटलेस बेअरिंग म्हणतात. शेवटी शाफ्टचे निमुळते टोक, त्यावर ‘की’ (शाफ्ट आणि प्रोपेलर एकत्र फिरावेत म्हणून खाचेत बसणारी धातूची पट्टी), प्रोपेलर, नट आणि नट सुटू न देणारी स्प्लिट पिन.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रोपेलर बोटीला ढकलतो तो जोर शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो आणि तिथून इंजिनाच्या माउंटवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते त्या आधारांवर. त्यामुळे माउंट ढिले झाले की त्याचा त्रास शाफ्टला होतो, आणि शाफ्ट वाकला की गिअरबॉक्सचे सील जाते. दोष एका जागी दिसतो आणि त्याचे मूळ दुसऱ्याच जागी असते.

पाण्यातली तपासणी

मोसमातल्या शेवटच्या फेरीत इंजिन आणि गिअरबॉक्स नीट गरम होऊ द्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमपर्यंत जाते आणि बोट किती वेगाने चालते, हे लिहून ठेवा. मोसमाच्या सुरुवातीला हेच आकडे काय होते ते आठवत असेल तर फारच उत्तम. परत आल्यावर बोट धक्क्याला चांगल्या जाड दोरांनी पुढून-मागून बांधा. एकाने स्टिअरिंगपाशी उभे राहावे, दुसऱ्याने इंजिनाचे झाकण उघडून पाहावे. पाहणाऱ्याच्या अंगावर सैल कपडे, गळ्यात मफलर, मोकळे केस असे काहीही नको. शाफ्ट फिरत असताना हात त्याच्या जवळ न्यायचा नाही, फक्त डोळे आणि कान वापरायचे.

आयडलवर, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी वेगाने चालत असताना, न्यूट्रलमधून पुढचा गिअर, पुन्हा न्यूट्रल, मग मागचा गिअर, असे सावकाश करा. प्रत्येक वेळी न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा. गरम गिअरबॉक्सने गिअर लगेच धरला पाहिजे. धरायला वेळ लागत असेल तर ऑइल कमी आहे, क्लच झिजला आहे, हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब पुरत नाही, किंवा केबल पूर्ण ओढली जात नाही. गिअर पडताना थोडा ठक आवाज येणे नेहमीचेच. पण हाताला जाणवेल असा दणका बसत असेल तर आधी आयडलचा वेग जास्त नाही ना ते बघा, मग डँपर प्लेट आणि कपलिंगचे बोल्ट.

न्यूट्रलमध्ये कमी आरपीएमला खडखड येते आणि थोडे थ्रॉटल दिले की थांबते, ही डँपर प्लेटच्या स्प्रिंग सैल झाल्याची ओळखीची खूण आहे. ही प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो, म्हणजे ते हिवाळ्याचेच काम. ऑइल थंड असताना हायड्रॉलिक गिअरबॉक्सचा शाफ्ट न्यूट्रलमध्येही हळूहळू फिरतो, त्याने घाबरू नका. मात्र ऑइल गरम झाल्यावरही तो जोरात फिरत राहिला, तर केबलची जुळणी चुकली आहे किंवा क्लचच्या प्लेट एकमेकींना चिकटत आहेत.

यानंतर गिअरमध्ये थोडा थ्रॉटल द्या आणि तीन ठिकाणी नजर ठेवा: इंजिनाचे माउंट किती उचलले जातात, शाफ्ट डोळ्यांना दिसेल इतका डोलतो का, आणि ग्लँड त्याच्याबरोबर हलतो का. न्यूट्रलमध्येही थरथर जाणवते तर दोष इंजिनाकडे किंवा माउंटकडे शोधा. फक्त गिअरमध्ये थरथरते आणि वेगाबरोबर वाढत जाते, तर शाफ्ट, बेअरिंग आणि प्रोपेलर यांच्यावर संशय घ्या.

जोर कुठे हरवतो?

इंजिन ओरडते पण बोट पुढे जात नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. यावर गिअरबॉक्स गेला असे लगेच म्हणू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा फ्लँज, कपलिंग आणि शाफ्ट यांच्यावर खडूने किंवा रंगाने एकच सरळ रेघ ओढा. मग वरची गिअरची चाचणी पुन्हा करा आणि इंजिन बंद करून रेघ बघा.

गिअरमध्ये फ्लँजच नीट फिरत नसेल तर दोष पुढे आहे, म्हणजे क्लचमध्ये, डँपर प्लेटमध्ये किंवा केबलमध्ये. फ्लँज फिरला पण शाफ्टवरची रेघ कपलिंगवरच्या रेघेपासून सरकली, तर कपलिंगमधली की किंवा पकडस्क्रू सैल आहेत. हा दोष आजच्या आज दुरुस्त करायचा. मागचा गिअर टाकल्यावर सैल कपलिंगमधून शाफ्ट निसटू शकतो, आणि तो पूर्ण बाहेर गेला तर नळीतून पाणी थेट बोटीत शिरते. रेघ अखंड आहे, शाफ्टही जोरात फिरतो, तरी बोट मंद आहे, तर कारण पाण्याखाली आहे: पात्यांवर शिंपले चढले आहेत, दोर गुंडाळला गेला आहे, पाते वाकले आहे किंवा प्रोपेलरची की तुटली आहे.

केबलची तपासणी सोपी आहे आणि ती चुकवू नका. इंजिन बंद करा, गिअरबॉक्सवरच्या लिव्हरमधून केबलचे टोक सोडवा आणि तो लिव्हर हाताने दोन्हीकडे शेवटपर्यंत ढकलून कुठपर्यंत जातो ते खुणेने नोंदवा. केबल परत जोडा, दुसऱ्याला स्टिअरिंगपाशी गिअर टाकायला सांगा. लिव्हर त्याच खुणांपर्यंत पोहोचला पाहिजे. जरासा जरी कमी पडला तरी क्लच अर्धवट धरतो, घसरतो, तापतो आणि शेवटी जळतो. केबल ताठ झालेली, गंजलेली किंवा तिचा आधार हललेला असतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. गिअरबॉक्स खोलायचा निर्णय या चाचणीनंतरच घ्या, असे माझे ठाम मत आहे.

ऑइल काय सांगते

चाचणी झाल्यावर ऑइल गरम असतानाच काढा. त्यामुळे तळाशी बसलेला गाळही त्याच्याबरोबर निघतो. ड्रेन प्लगपर्यंत हात पोहोचत नसेल तर डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी घालून हातपंपाने ओढा. काढलेले ऑइल पारदर्शक बाटलीत घ्या आणि थोडा वेळ तसेच राहू द्या.

अनेक गिअरबॉक्समध्ये एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे ऑइल असते, काहींत साधे इंजिन ऑइल असते. तुमच्या गिअरबॉक्सला कोणते चालते हे त्याच्या पुस्तकातच बघा, अंदाजाने टाकू नका आणि दोन प्रकार एकत्र करू नका. एटीएफ चांगले असेल तर स्वच्छ लाल दिसते. ते तपकिरी पडून त्याला करपट वास येत असेल तर क्लच घसरत आहे किंवा गिअरबॉक्स तापत आहे. मॅग्नेटवर किंवा गाळणीवर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज समजा. चकाकणारे तुकडे, पत्रीसारखे कण किंवा क्लचच्या अस्तराच्या चिंध्या दिसल्या तर गिअरबॉक्स खोलावा लागणार, आणि ते आता कळले हे चांगलेच झाले.

ऑइल दुधाळ गुलाबी किंवा दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी आहे. पाण्याने थंड होणाऱ्या गिअरबॉक्समध्ये पहिला संशय ऑइल कूलरवर घ्या. त्याच्या आत एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचे किंवा नदीचे पाणी वाहते, मधली नळी गंजली की दोन्ही मिसळतात. उलटही घडते. ऑइलची पातळी उतरत जाते, गिअरबॉक्सखाली थेंब नाही, आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. अशा वेळी नुसते ऑइल बदलून उपयोग नाही. आधी कूलर बदला किंवा दाब देऊन तपासून घ्या. मग नवे ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवा, गिअर पुढे-मागे टाका, ऑइल काढा, आणि ते स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. पाणी मिसळलेले ऑइल हिवाळाभर आत राहिले तर बेअरिंग आणि गिअर गंजतात आणि क्लच प्लेटचे अस्तर सुटू लागते. ऑइल वसंतात नको, आत्ताच बदला असे मी म्हणतो ते याचसाठी.

लहान यांत्रिक गिअरबॉक्समध्ये एक लिटरपेक्षाही कमी ऑइल मावते, त्यामुळे कपभर कमी-जास्त झाले तरी फरक पडतो. पातळी मोजायची पद्धतही बघून घ्या. काही गिअरबॉक्समध्ये डिपस्टिक आटे फिरवून बसवूनच मोजायची असते, काहींत ती फक्त टेकवायची. काही हायड्रॉलिक गिअरबॉक्सची पातळी इंजिन बंद करताच, ऑइल गरम असताना बघायची असते, कारण थोड्या वेळाने कूलरमधले ऑइल परत खाली उतरते आणि पातळी खोटी दिसते. ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर नवा टाका. नवे ऑइल भरल्यावर इंजिन थोडे चालवून ते सगळीकडे फिरू द्या.

फ्लँजच्या मागच्या बाजूला आणि आसपासच्या भिंतींवर गोलाकार तेलाचे शिंतोडे दिसले तर मागचे सील गळते आहे. सील बदलणे अवघड नाही. पण ते का गेले याचे उत्तर पुष्कळदा शाफ्टच्या वाकड्या जुळणीत, म्हणजे शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसण्यात, असते, म्हणून जुळणी तपासल्याशिवाय नुसते सील बदलून थांबू नका.

गोठण्यापासून बचाव

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बंद जागेत अडकलेले पाणी ओतीव धातूलाही तडा देते. समुद्राचे खारे पाणी गोठायला साधारण उणे २ अंश सेल्सिअस लागतात, तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या बोटीलाही सूट नाही. ऑइल कूलर इंजिनाखाली किंवा बाजूला सखल जागी असतो, आणि इंजिन रिकामे झाल्यावरही त्याच्यात पाणी साचून राहते. त्याचा ड्रेन प्लग काढा. प्लग काढूनही पाणी आले नाही तर कूलर रिकामा आहे असे समजू नका. भोक गाळाने बुजलेले असते, त्यात तार घालून मोकळे करा. प्लगच नसेल तर खालची होज सोडा.

त्यानंतर कूलिंगच्या मार्गातून अँटिफ्रीझ फिरवा. हे पुढे एक्झॉस्टमधून बाहेर पडते, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलचे वापरा. इथिलीन ग्लायकॉल माणसांना आणि प्राण्यांना विषारी आहे. एक बारकावा इथे बरेच जण विसरतात. बाटलीवर लिहिलेले सगळ्यात थंड तापमान पुष्कळदा पाइप फुटू नये यासाठीचे असते, द्रव घट्ट व्हायला त्याच्या कितीतरी आधी लागतो. आत उरलेल्या पाण्यात ते पातळही होते. म्हणून एक्झॉस्टमधून नुसता रंग आला की थांबू नका, बाहेर आलेल्या द्रवाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (अँटिफ्रीझ किती थंडीपर्यंत टिकेल हे दाखवणारे छोटे उपकरण) ठेवून मोजा. आधी सगळे पाणी काढून मग अँटिफ्रीझ भरले तर हा धोका मुळातच कमी होतो.

जमिनीवरची तपासणी

बोट पाण्यातून वर येते त्याच दिवशी, तळ पाण्याच्या फवाऱ्याने धुण्याआधी, मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. मासेमारीची तंगूस शाफ्टला गुंडाळलेली आहे का, प्रोपेलरवर शिंपले किती चढले आहेत, ॲनोड (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) किती उरले आहेत, कुठून तेलाचा ओघळ आहे का, हे सगळे आत्ता दिसते. धुतल्यावर निम्मा पुरावा वाहून जातो.

मग इंजिनाची चावी खिशात घाला, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. प्रोपेलर हाताने सावकाश फिरवा. पूर्ण फेऱ्यात अडथळा सारखा वाटला पाहिजे. एकाच ठिकाणी जड होत असेल तर शाफ्ट वाकल्याचा संशय घ्या. पूर्ण फेरा जड असेल तर ग्लँड जास्त आवळला आहे, बेअरिंग फुगले आहे किंवा जुळणी बिघडली आहे. बोट जमिनीवर असताना इंजिन लावून शाफ्ट कधीही फिरवू नका. कटलेस बेअरिंगला आणि ग्लँडला पाणी हेच वंगण असते, कोरडे फिरले की रबर करपायला वेळ लागत नाही.

ब्रॅकेटपाशी शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. थोडा प्ले, म्हणजे हलण्याची मोकळीक, असतोच, पाण्याला आत जायला जागा हवी. ढोबळ हिशेब असा की प्ले शाफ्टच्या व्यासाच्या सोळाव्या भागापेक्षा जास्त झाला की बेअरिंग बदलावे. म्हणजे २५ मिलिमीटरच्या शाफ्टला साधारण दीड मिलिमीटर. झीज कुठे आहे हेही बघा. बेअरिंगच्या पुढच्या तोंडाशी वरून आणि मागच्या तोंडाशी खालून रबर खाल्ले असेल, तर शाफ्ट त्यात तिरका बसतो आहे. नवे बेअरिंगही तसेच झिजेल, म्हणून आधी जुळणी सुधारा. ब्रॅकेट स्वतः तळाशी हलतो का तेही जोर लावून पाहा. त्याच्या बुडाभोवती रंगाला गोल भेग दिसली तर बोल्ट सैल झालेले असतात.

शाफ्ट सरळ आहे का हे बघायला त्याच्या जवळ एक काडी किंवा तार पक्की बसवा, तिचे टोक शाफ्टला जेमतेम न लागेल इतके जवळ आणा आणि प्रोपेलर हळूहळू फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून नेमके मोजून घ्या. हीच काडी पात्याच्या टोकाशी ठेवून प्रत्येक पाते तिच्यासमोरून फिरवा. सगळी पाती तिच्यापासून सारख्याच अंतरावरून गेली पाहिजेत.

स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट गंजत नाही हा समज पूर्ण खरा नाही. या धातूवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ग्लँडमध्ये आणि बेअरिंगमध्ये पाणी साचून राहते, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि तिथे खड्डे पडू लागतात. जी बोट फार चालत नाही तिला हा त्रास जास्त. बाहेर दिसणारा भाग चकचकीत असतो आणि कीड आत असते. म्हणून कपलिंग सोडलेच असेल तर शाफ्ट थोडा मागे सरकवून ग्लँडमधला आणि बेअरिंगमधला भाग नखाने चाचपून पाहा.

प्रोपेलरचा रंग बघा. पिवळसर धातूवर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर मिश्रधातूतले जस्त निघून जात आहे आणि पाती ठिसूळ होत आहेत. लाकडी हातोडीने पात्यावर हलके ठोका, चांगले पाते खणखणते, खराब झालेले बद्द वाजते. हे घडण्यामागे बहुधा ॲनोड संपलेले असतात. ते निम्मे झिजले की बदलायचे. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. त्यांना रंग लावू नका, आणि शाफ्टवरचा ॲनोड बेअरिंगला अगदी खेटून बसवू नका, बेअरिंगला पाणी मिळाले पाहिजे.

प्रोपेलर काढायचा असेल तर या क्रमाने काढा:

१. स्प्लिट पिन काढून टाका, ती पुन्हा वापरू नका.
२. प्रोपेलर आणि तळ यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे शाफ्ट फिरणार नाही, आणि नट सोडा. पण शेवटचे काही आटे त्यावर राहू द्या. प्रोपेलर सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो, नट नसेल तर तो पायावर येतो.
३. पुलर, म्हणजे प्रोपेलर ओढून काढायचे अवजार, लावा आणि हळूहळू आवळा. हातोडीने ठोकून काढू नका. तो मार शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो.
४. की, तिची खाच आणि शाफ्टचा निमुळता भाग यांवर भेगा, दबलेल्या कडा, गंज बघा.

बसवताना आधी की न लावता प्रोपेलर शाफ्टवर हाताने घट्ट ढकला आणि तो कुठपर्यंत येतो ती खूण करा. मग की लावून बसवा. तो त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. मागेच थांबला तर तो कीवर चढला आहे, निमुळत्या भागावर बसलेला नाही, आणि असा प्रोपेलर पुढच्या मोसमात सैल होणार. दोन नट असतील तर पातळ नट आधी, जाड नट त्याच्या मागून.

ग्लँड

जुन्या पद्धतीच्या ग्लँडमध्ये पॅकिंगच्या दोरीची तीन-चार कडी असतात. शाफ्ट फिरताना यातून मिनिटाला काही थेंब पडणे योग्यच आहे, त्या थेंबांनीच पॅकिंग थंड राहते. आधुनिक टेफ्लॉनच्या पॅकिंगला त्याहूनही कमी लागतात. पाण्यातल्या चाचणीनंतर इंजिन बंद करून ग्लँडला हात लावा: कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तो जास्त आवळला आहे. आवळत गेले तरी गळती थांबत नाही, ही पॅकिंग संपल्याची किंवा शाफ्टवर चर पडल्याची खूण. अशा वेळी आणखी आवळू नका.

पॅकिंग बदलताना जुनी सगळी कडी हुकाने ओढून काढा, एकही आत ठेवू नका. नवी दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून आत ढकलायची नसते. शाफ्टच्या जाडीच्या दांड्यावर गुंडाळून एकेक कडे वेगळे कापा आणि त्यांचे सांधे वेगवेगळ्या दिशांना येतील असे बसवा. नट फक्त हाताने आवळा, बाकीचे पाण्यात गेल्यावर. ग्लँडची रबरी होज दाबून भेगा पाहा, तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लँप हवेत. या एका होजवर बोट तरंगते आहे, म्हणून संशय आला तरी बदला. बोट आधारांवर नाळेकडे झुकलेली ठेवली तर शाफ्टच्या नळीतले पाणी बाहेर न जाता ग्लँडमध्ये साचते आणि तिथे गोठते, म्हणून मागची बाजू किंचित खाली ठेवा.

बोट हिवाळाभर पाण्यातच राहणार असेल तर थेंब थांबण्यापुरताच ग्लँड आवळा आणि तसे लिहून ठेवा. ग्लँडऐवजी न गळणारे सील असेल तर त्याचा रबरी बेलो (घड्यांची लवचीक नळी) आणि सीलचे तोंड तपासा, बेलो कडक झाला असेल किंवा त्याचे वय उलटले असेल तर याच हिवाळ्यात बदला.

कपलिंग आणि जुळणी

कपलिंगभोवती तांबूस पूड दिसली तर दोन धातू एकमेकांवर घासत आहेत, म्हणजे बोल्ट सैल आहेत. बोट जमिनीवर आधारांवर असताना तिचा तळ पाण्यातल्यासारखा राहत नाही, विशेषतः लाकडी बोटीचा. म्हणून लाकडी बोटीचे कपलिंग मी हिवाळ्यात सोडूनच ठेवायला सांगतो, फायबरच्या ताठ बोटीत ते ऐच्छिक आहे.

जमिनीवर जुळणीचा अंदाज घ्या, निकाल देऊ नका. दोन्ही फ्लँज जवळ आणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजा. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट आधीच्याच जागी राहिली, उदाहरणार्थ वरच, तर इंजिन आणि शाफ्ट यांची जुळणी चुकली आहे आणि माउंट वर-खाली करून ती सुधारते. मोठी फट शाफ्टबरोबर फिरून खाली आली तर शाफ्ट वाकला आहे किंवा कपलिंगचे तोंड वाकडे आहे, आणि माउंट कितीही हलवले तरी उपयोग नाही. या एका चाचणीने कित्येक तासांची चुकीची मेहनत वाचते. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजला फटींतला फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, हा सर्वसाधारण दंडक.

आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह असेल तर

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेले इंजिन, आणि स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन आत पण गिअर आणि प्रोपेलरचा भाग (ड्राइव्ह) मागे बाहेर. इथे लांब शाफ्ट नसतो, पण धोका तितकाच. प्रोपेलर काढून त्यामागे तंगूस अडकली आहे का पाहा, ती सील कापते. गिअरचे ऑइल काढताना खालचा आणि वरचा दोन्ही प्लग उघडा. दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे, सील बदलून दाबाची चाचणी करा, नाहीतर आतले पाणी गोठून खालचे हाउसिंग फुटते. नवे ऑइल खालच्या भोकातून पंपाने, वरून बाहेर येईपर्यंत भरा. ड्राइव्ह खाली सोडून उभा ठेवा म्हणजे पाणी निथळते.

बंद करताना आणि पुन्हा सुरू करताना

सापडलेले सगळे दोष, मोजलेले आकडे आणि सोडलेले भाग एका चिठ्ठीवर लिहा आणि ती इंजिनाच्या चावीला बांधा: कपलिंग सुटे, ग्लँड सैल, कूलरचा प्लग काढलेला, गिअरबॉक्सचे ऑइल नवे. वसंतात ही चिठ्ठी वाचल्याशिवाय बोट पाण्याकडे नेऊ नका.

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. आधी आत जाऊन ग्लँड आणि होज बघा, पाणी वाहत येत असेल तर बोट तिथल्या तिथे परत उचलता येते. रबरी ओठाचे सील असेल तर ते बोटांनी दाबून आतली हवा काढा, पाणी दिसेपर्यंत. मग बोट एक-दोन दिवस तरंगू द्या, टाक्या नेहमीइतक्या भरा, आणि फीलर गेजने जुळणी शेवटची मोजून कपलिंगचे बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर ग्लँडचे थेंब, कपलिंगचे बोल्ट आणि गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पुन्हा एकदा तपासा.